कारणाचा रकाना

१२ जानेवारी २००४, सोमवार

मिरजोळ्याहून साडेसहाला घरी. लॅबमध्ये आज तपासायला बर्फ कारखान्याचे प्रेशर गेज, अकरा. दोन नापास. एकाचा काटा शून्यावर येतच नाही. कारखान्याचा माणूस म्हणतो, "एवढं चालतं, मॅडम." चालत नाही. तसं लिहून दिलं.

घरी मच्छीमार सोसायटीचे सेक्रेटरी दत्ताकाका अब्बांपाशी बसलेले. (यापुढे द. का.) विमा कंपनीचं पत्र आलंय. सोसायटीच्या सगळ्या घरांचा मिळून एक गट आरोग्य विमा. द. का. तीन वर्षं मागे लागले होते. पत्र इंग्रजीत, म्हणून माझ्याकडे. कंपनीला सभासदांची यादी हवी, "आरोग्याच्या उपलब्ध माहितीसह".

द. का. : "आहे की आपल्याकडे. तू केलेली."

आहे. गेल्या वर्षी रविवारी रविवारी बसून वाट्याची वही सोसायटीच्या कॉम्प्युटरवर चढवली. आजाऱ्याचा वाटा: दिवसाची पहिली लाँच धक्क्याला लागली की मासळीची एक पाटी बाजूला, ज्या घरात कोणी पडून आहे तिथे पोचवायची, माणूस उठून कामाला लागेपर्यंत. अब्बांच्या लहानपणीही होतं. वहीत द. का. पेन्सिलीने तीनच गोष्टी लिहितात. तारीख, घर, लाँच. मला ते अपुरं वाटलं. चौथा रकाना मी घातला, "कारण". घरोघर विचारून भरला. अडीच महिने लागले.

१८ जाने., रविवार

कंपनीचे साहेब आले. टाय, रुमालाने सारखा घाम पुसणं, मासळीचा वास सहन न होणं. यादीची प्रत काढून दिली. पान उलटत थांबले. "हे कोणी केलं? फारच व्यवस्थित आहे. असं आम्हाला कुठेच मिळत नाही."

द. का.नी माझ्याकडे बोट केलं. मला बरं वाटलं. नोंद म्हणून लिहितेय.

२७ जाने.

अटी आल्या. सोबत माझीच यादी परत, माझीच अक्षरं, माझ्याच रेघा, वर कंपनीचा शिक्का. "कारण" भरलेल्या नावांपुढे लाल टिक.

सार, द. का.ना सांगितलं तसं:
दवाखान्यात दाखल झाल्यास खर्च कंपनीचा. एक एप्रिलपासून. ज्याच्या नावापुढे जो आजार, तो आजार त्याला चार वर्षं धरणार नाहीत. हप्ता सोसायटीने भरायचा.

हप्त्यासाठी द. का.चा तोडगा असा की वाटा बंद करायचा. ती पाटी रोज लिलावात घालायची.

म्हणजे वाटा घेतलेल्या घरांकडून वाटाही जाणार आणि विमाही अर्धाच. एकशे बारापैकी एकोणचाळीस घरं. मोजून पाहिलं, दोनदा.

त्यात आमचं. "इस्माईल तांडेल. छातीत दुखणे."

२९ जाने.

छातीत दुखणे हे खोटं नाही. पण जाळं ओढायच्या विंचचा दोर सुटून अब्बांच्या छातीवर बसला होता, तीन बरगड्या. सहा आठवडे आमच्याकडे वाटा येत होता. मागून मी रकाना भरत फिरले तेव्हा घरीही विचारलं. स्वतःच्या घरी, पॅड हातात घेऊन. अब्बा जाळं शिवत होते. म्हणाले, "लिव, छातीत दुखत होता." मी लिहिलं. कशाने ते लिहिलं नाही. रकाना अरुंद होता.

दुपारी कंपनीला फोन केला. साहेब म्हणाले, बरगडीचा एक्स-रे असेल तर पाठवा. एक्स-रे कुठला. वैद्याने पट्टा बांधला होता.

२ फेब्रुवारी, ईद

ईदगाहहून परत येताना मी मागे चालत होते. चढावर अब्बा तीनदा थांबले. पहिल्यांदा चपलेचा अंगठा बघितला. दुसऱ्यांदा एका बोकडाचं कौतुक. तिसऱ्यांदा कारण शोधलं नाही, कठड्याला धरून उभे राहिले. डावा हात खांद्यापासून चोळत होते.

म्हटलं, "काय होतंय?"
"गुडघा."
गुडघा कोणी खांद्याशी चोळत नाही.

कुवेतहून भाईचा फोन. अम्मीने त्याला सांगितलं. तो म्हणे, कोल्हापूरला ने, तपासण्या कर, पैशाचं मी बघतो. अब्बांनी फोन घेतला आणि हवामान विचारलं.

आजपासून मोजते. धक्क्यापासून घरापर्यंत चौसष्ट पायऱ्या आणि चढ. आज थांबणं (थां.) ३.

५ फेब्रु.

अब्बांशी वाद. वाद म्हणजे मी बोलले, ते जाळं शिवत राहिले.

शेवटी म्हणाले, "आता डाक्टरकडे गेलो की कागद होनार. कागद झाला की नाव लागनार. एक एप्रिलला कार्ड येऊ दे. दुसऱ्या दिवशी जाऊ, तुझ्या भाईचा एक दिनार नको."

"तुमचं नाव आधीच लागलंय."
"तो दत्ताराम दुरुस्त करील."
"यादी माझी आहे."
"मग तू करशील."

सुई चालूच. हे त्यांनी मस्करीत म्हटलं की नाही, कळलं नाही.

आठ आठवडे थांबायचं, विम्यासाठी. विमा नसता तर आज कोल्हापूरच्या गाडीत बसले असते. मी अम्मीला हे सांगितलं नाही. तिला आधीच कळलंय, भांडी आपटते आहे.

थां. ३.

८ फेब्रु., रविवार

सुलभा आली. शेजारची, माझ्याबरोबर शाळेत होती, आता बाजारात मासळी विकते. नवरा लाँचीवर खलाशी. दार लावून पदरातून पाकीट काढलं. सोनोग्राफी.

"वाच गो, काय लिवलंय त्या शाण्याने."

गर्भाशयात गाठ. मोठी. ऑपरेशन सांगितलंय, घाई नाही पण टाळू नका. वाचून सांगितलं, जसं लिहिलं होतं तसं.

"मग एप्रिलात करते. कार्ड आल्यावर. आमच्या घरी कधी वाटा आलाच नाय, सासूबाईंना लाज वाटायची घ्यायला. तुझ्या यादीत मी कोरी हाय ना?"
"कोरी आहेस."
"बघ, सासूबाईंचा पहिल्यांदा उपयोग झाला."
हसली. मग माझ्याकडे बघत राहिली. "तुझ्या तोंडावर काय दिसत नाय गो कधी. मीटर हायस नुसती."

पाकीट परत पदरात. जाताना म्हणाली, "सभेत योजना पडू देऊ नको."

माझ्या यादीत अब्बांना जे नव्हतं ते लिहिलंय, सुलभाला जे आहे ते नाही. मला दोन्ही माहीत आहे.

११ फेब्रु.

आज धक्क्यावर वाटा पडून होता. सकाळी कामावर जाताना पाहिला, बांगडे, वर बर्फ. पहिल्या लाँचीने सवयीने काढून ठेवला. वरच्या आळीत एका घरी म्हातारा तापाने पडलाय, तिथे पाठवला तर सुनेने उंबऱ्यातूनच परत केला. "आमच्यात कोणी आजारी नाय." आतून खोकल्याचा आवाज येत होता म्हणे.

दुसऱ्या घरानेही परत केला.

संध्याकाळी आले तेव्हा पाटी तिथेच. बर्फाचं पाणी झालेलं. मांजरांनी फाडलेली. द. का. उभे होते, पेन्सिल कानावर. म्हणाले, "वहीत काय लिहू? आजपर्यंत असं झालं नाही."

मला वाटलं मला विचारतायत. ते वहीलाच विचारत होते बहुतेक.

थां. ४.

१५ फेब्रु., रविवार

सभा. जाळ्यांच्या शेडमध्ये, चारला. आठवतं तेवढं:

द. का.नी अटी वाचल्या. पहिलाच आवाज मागून, लाँच चालवणाऱ्या एका तांडेलाचा: "चार वर्षं थांबा म्हणतात. मग आजाराला पण नोटीस द्या, चार वर्षांनी ये म्हणावं." सगळे हसले. अब्बाही हसले, मग खोकले.

दुसरा एक: "हा मसुदा फाडा. पुन्हा पहिल्यापासून करा. आपलाच निधी काढू, कंपनी नको."

द. का. चिडले. मी त्यांना चिडलेलं क्वचित पाहिलंय. "पहिल्यापासून! तीन वर्षांपूर्वी पण पहिल्यापासूनच होतं. निधीची मीटिंग लावली तेव्हा चहाला वीस जण, सहीला तीन. कोण कोण ते सांगू?"
"सांगू नका, मी चहावाल्यांत होतो."

सुलभा बायकांच्या बाजूने उठली. बायका सभेत बोलतात ते भांडायला, असं सगळ्यांना वाटतं, म्हणून आधी गोंगाट झाला. ती म्हणाली, "अर्धी भाकरी समोर हाय तर खा. पुरी पाहिजे म्हणून उपाशी बसनार ते बसा, माझ्या घरात बसायला कोणाला वेळ नाय." तिने एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

वरच्या आळीतली ती सून: "आणि ज्यांची नावं लागली ते? त्यांचा वाटा पण विकणार तुम्ही. आम्ही मासे मागितले होते काय? तुम्ही दारात आणून ठेवले. मग ही आली आणि विचारत बसली, कशाने, कधीपासून."

ही म्हणजे मी. शेडमध्ये सगळे माझ्याकडे वळले.

द. का. : "नसरीन, तू शिकलेली. तुझं मत सांग."
मी म्हटलं, मसुद्यात दोष आहेत.
"घ्यायचा की नाही?"
म्हटलं, मत लाँचीला एक असतं. माझी लाँच नाही.

बरोबर उत्तर होतं. नियमाप्रमाणे होतं. अब्बांनी मान खाली घातली.

हात वर झाले. योजना घ्यायची, अठरा लाँची. पुन्हा पहिल्यापासून, अकरा. आमच्या लाँचीसाठी अब्बांनी हात वर केला, घ्यायची म्हणून. उजवा.

आणि ठरावाच्या शेवटी एक ओळ, कोणी घातली माहीत नाही: "यादी करणाऱ्याने यादी दुरुस्त करून सही करावी." मुदत २८ फेब्रु. चुकली तर यंदाचं संपलं, मग खरंच पहिल्यापासून.

१९ फेब्रु.

लॅबमध्ये लक्ष नाही. एका थर्मामीटरचं वाचन आधी घ्यायचं विसरून स्क्रू फिरवला. असं करायचं नसतं. उपकरण आलं तेव्हा किती चुकत होतं ते आधी लिहायचं, मगच हात लावायचा. नाहीतर किती दिवस चुकीचं चाललं होतं ते कोणालाच कळत नाही. लॅबच्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "सोड, नवीन सर्टिफिकेट काढ." काढलं. माझ्या सहीने.

जेवणाच्या सुट्टीत दोन याद्या केल्या.
यादी १: कारणासहित. लाल टिकांसकट.
यादी २: रकाना काढलेला. तारीख, घर, लाँच. वही होती तशी.

दोन्हींखाली कंपनीचं एकच वाक्य: "वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी व पूर्ण आहे."

यादी १ खरी नाही. यादी २ पूर्ण नाही. खरी आणि पूर्ण अशी तिसरी फक्त मला माहीत आहे आणि तीत सुलभाही येते, अब्बाही येतात, खरोखरीचे.

२२ फेब्रु., रविवार

कंपनीचे साहेब पुन्हा. आज टाय नाही. सोसायटीत मला एकटीला गाठलं.

"मॅडम, स्पष्ट बोलतो. पहिली यादी सहीशिवाय होती. सही असलेली येईल ती आम्ही धरू. तुम्ही काय देता ते तुमच्यावर."
"आणि उद्या कोणाचं खोटं निघालं तर?"
"तर सही कोणाची आहे ते बघतील. कधीकधी एकाच्या खोट्यावरून सगळ्यांचं रद्द होतं."
"कधीकधी म्हणजे किती वेळा?"
हसले. "तुम्ही कंपनीत का येत नाही?"

माणूस वाईट नाही. त्याने नारळपाणी घेतलं, माझ्यासाठीही आणलं. मी प्यायले नाही. द. का. प्यायले.

थां. ५. आज अब्बांनी कारणं देणं सोडलं. नुसते थांबतात.

२५ फेब्रु.

संध्याकाळी अब्बांजवळ बसले. दोन्ही याद्या दाखवल्या. त्यांना वाचता येतं, सावकाश. आपलं नाव शोधून त्यावर बोट ठेवलं.

"लिवलंयस छान."

म्हटलं, "अब्बा, पहिलीवर सही केली तर तुम्ही थांबून उपयोग नाही. दुसरीवर केली तर ते खोटं. काहीच नाही केली तर सुलभाचं ऑपरेशन, आणि सगळ्यांचंच…"

"सुलभाचा कसला आपरेशन?"

चूक. बोलण्यातली पहिली. ते समजले, पुढे विचारलं नाही. तिथेच माझ्यात आणि त्यांच्यात फरक आहे.

मग म्हणाले, "बरगड्या मोडल्या तेव्हा बाराजण वाटा घेऊन आले असतील बारा दिवशी. कोणी विचारलं नाय. दारात ठेवून जात. मना पण कधी विचारावासा वाटला नाय दुसऱ्याला. तू विचारलंस तेव्हा मी सांगितलं, कारण तू विचारत होतीस. दुसऱ्या कोणाला नसता सांगितला."

मी म्हटलं, नोंद असावी म्हणून.
"असावी ना. तांडेल पण नोंद ठेवतो, कुठे खडक हाय त्याची. कोन आपटला त्याची नाय."

त्यांना दम लागला. श्वास मोजले, बसल्या बसल्या मिनिटाला सव्वीस. त्यांना कळलं मी मोजतेय. माझ्या सोयीसाठी जरा स्थिर बसले.

२६ फेब्रु.

दुपारी लॅबमधून एसटी स्टँड. कोल्हापूर, शनिवार २८, सकाळी सहा. दोन जागा, खिडकीकडची एक. का काढल्या ते अजून स्वतःलाही नीट सांगता येत नाही. शनिवारीच अकरा वाजता कंपनीचे साहेब सोसायटीत सही घ्यायला येणार.

अम्मीला तिकीट दाखवलं. तिने अब्बांचा स्वेटर उन्हात टाकला.

अब्बांना सांगितलेलं नाही.

२७ फेब्रु., शुक्रवार

जुम्मा, आपल्या लाँची बंद. अर्धी रजा टाकली. अब्बा नमाजहून आले, थां. ६, आणि ओट्यावरच बसले, आत येईनात.

सुलभा आली डोक्यावर पाटी घेऊन. तिच्या नवऱ्याची लाँच पहिली लागली होती. पाटी ओट्यावर ठेवली. सौंदाळे, ताजे, बर्फ नवा.

"वाटा. कोण घेईना तर म्हटलं चाचांना देते, चाचा मला नाय म्हणायचे नाय."
अब्बा म्हणाले, "कोन आजारी हाय इथे?"
"मी. घाम बघा. चौसष्ट पायऱ्या तुमच्या."

अब्बा हसले. सुलभा हसता हसता त्यांच्या ओठांकडे बघत होती. मी तीच गोष्ट बघत होते. निळसर.

मग अब्बा माझ्याकडे वळले. "वहीत लिवनार?"

सुलभानेही माझ्याकडे पाहिलं.

"नाही," म्हटलं.

"मग ठेव."

मी पाटी आत नेली. परत आले तर सुलभा पदराने त्यांना वारा घालत होती आणि ते तिला, मासे ताजे नाहीत, तुझ्या नवऱ्याला डोळे नाहीत, असं ऐकवत होते. जाताना ती दारात थांबली. तिला म्हटलं, "उद्या पहाटे मी यांना कोल्हापूरला नेतेय."

अकरा वाजता काय आहे ते तिलाही माहीत आहे. पाटी रिकामी करून घेतली, काखेत मारली.

"सही?"
"अजून नाही."
"कुठची यादी?"

मी ओट्यावर सांडलेलं बर्फाचं पाणी पायाने लोटलं. ती म्हणाली, "मीटर," पण त्या दिवसासारखं नाही. उतरताना दोन पायऱ्या खाली जाऊन परत वळली. "चाचांना खिडकी दे गो. त्यांना गाडी लागते."

मासे साफ केले. अब्बांना गाडीचं सांगितलं. म्हणाले, "कागद होईल." म्हटलं, होईल. स्वेटर कुठे आहे विचारलं.

पिशवीत: तिकिटं, अब्बांचा चष्मा, पाण्याची बाटली, दोन्ही याद्या, पेन. सोसायटीच्या कॉम्प्युटरवर रकाना अजून आहे. पुसायला जायचं होतं, गेले नाही.

गाडी पालीला दहा मिनिटं थांबते. स्टँडसमोर एसटीडी बूथ आहे, सहा वाजता उघडतो. तिथून रत्नागिरीकडे येणारी पहिली गाडी सहा-पन्नासला, कंडक्टरकडे सही केलेल्या यादीचं पाकीट देता येतं, द. का. स्टँडवर येऊन घेतील, अकराच्या आत पोचतं. द. का.चा नंबर पाठ आहे.

पालीपर्यंत पाऊण तास.